खिंडीतली मोजणी

माझ्याबरोबर डोंगरात आलेला एक पोरगा मेला. नेमकी चूक कुठे झाली हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि ते मी साडेचार महिने कुणालाही सांगितलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच बरं मत व्हायला नको.

मी बावधनला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो, मूळचा नगरकडचा. शनिवार-रविवारी मुळशीच्या डोंगरात लोकांना घेऊन जायचो. संस्था वगैरे काही नाही, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि त्यातले हौशी लोक. तापट म्हणून माझी ख्याती होती. सँडल घालून आलेल्या माणसाला मी कोळवणला जीपमधून उतरल्या उतरल्या परत पाठवलेलं आहे. लोक पाठीमागे मला हेडमास्तर म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आमच्यात माणसं मोजायची एक पद्धत आहे. निघताना गोल करायचा आणि प्रत्येकाला एकेक नंबर द्यायचा. मग जिथे जिथे थांबू तिथे एकपासून सुरुवात, ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. मधला आवाज आला नाही की कोण नाही ते लगेच कळतं. नवीन लोक हसतात, शाळेची सहल आहे का म्हणतात. हसू देत, पण नंबर घेतल्याशिवाय मी कुणाला पुढे सोडत नसे. त्या रविवारी खिंडीत मात्र मी नंबर घेतले नाहीत.

गणपती उठल्यानंतरचा शनिवार-रविवार होता तो. मी धरून आम्ही अठरा जण, आणि शिवाय गावातला वाटाड्या. हा साठीचा माणूस, शेरडं राखतो, त्या जंगलात त्याचं आयुष्य गेलंय. वनखात्याची परवानगी काढून आम्ही वर पठारावर तंबू लावले, खिचडी केली, झोपलो. जो पोरगा गेला तो परभणीकडचा, सत्तावीस वर्षांचा, हिंजवडीतच टेस्टिंगमध्ये होता. आमच्यात पहिल्यांदाच आला होता. शनिवारी संध्याकाळी एक दगड घेऊन त्यानं स्वतःच्या तंबूच्या खुंट्या ठोकल्या आणि मग न सांगता सगळ्यांच्या ठोकून दिल्या. एवढंच मला त्याचं आठवतं. त्याहून जास्त आठवतं म्हटलं तर ती थाप होईल.

रविवारी सकाळी धुकं इतकं खाली आलं की पुढच्याची सॅक तेवढी दिसत होती. निघायचं सोडून लोक धुक्यात व्हिडिओ काढत बसले, त्यात चाळीस मिनिटं गेली, आणि मी सगळ्यांवर ओरडलो. मग पाऊस लागला. वाटाड्याच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ होती. आमच्यातल्या एका बाईंना ते बघवेना, त्यांनी आपला जादा रेनकोट त्याला दिला. निळा, टोपीवाला. आमच्यातल्या निम्म्या लोकांचे तसलेच निळे होते.

खिंड म्हणजे कातळातली चिंचोळी वाट, एका वेळी एकच माणूस जातो. मी तिथे कडेला उभा राहतो आणि सगळे गेले की शेवटी उतरतो. त्या दिवशी माझं डोकं तापलेलं होतं आणि वाऱ्यात बोंबलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, नंबर खाली घेऊ, आत्ता नुसती डोकी मोजू. माझ्यासमोरून सतरा जायला हवे होते. सतरा गेले. मी मागे वळून न बघता उतरलो.

खाली देवळाच्या मंडपात नंबर घेतले. दहा आला आणि पुढे कुणीच बोललं नाही. कोण अकरा, म्हणून मी खेकसलो, तरी शांत. तेवढ्यात माझ्या शेजारी वाटाड्यानं रेनकोट काढला आणि पाणी झटकायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. हा माणूस कायम सगळ्यांच्या पुढे चालतो, आणि खिंडीतून पुढे गेलेला तो मला आठवेना. नंतर कळलं की निसरड्या कातळावर एकीला हात द्यायला तो मागे फिरला होता, आणि मग मधल्या घोळक्यातून, टोपी कपाळावर ओढून, माझ्यासमोरून गेला होता. माझा एक आकडा त्याचा होता.

गावकरी आणि आम्ही काही जण लगेच वर गेलो. पोरगा सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी, खिंडीच्या वरच्या अंगाला, ओढ्यात. धुक्यात गुरांच्या वाटेला लागला होता आणि पुढे कातळावरून घसरला. पोलिसांनी मला विचारलं, खिंडीत मोजले तेव्हा किती होते? मी म्हणालो, सतरा. म्हणजे पूर्ण होते? मी म्हणालो, हो. मी सतरा मोजले होते हे खरंच होतं. त्याच्या पुढचं वाक्य मी बोललो नाही, आणि ते कुणी विचारलंही नाही. कागदावर असं झालं की पोरगा सगळ्यांबरोबर खिंड उतरला आणि मग कुणाला न सांगता एकटाच परत वर गेला.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही, झोप उडाली नाही. ऑफिसला जात होतो, चांदणी चौकाच्या गर्दीत तास तास अडकत होतो आणि हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या पार्किंगवर कुणीतरी गाडी लावतं हा विषय निघाला, तेव्हा मी म्हणालो, लावू द्या. बायको घरी आल्यावर म्हणाली, तुला काय झालंय? तू आता भांडतही नाहीस. मी म्हटलं, चांगलं आहे की मग. ती म्हणाली, नाही, चांगलं नाहीये.

जानेवारीत पोराच्या वडिलांचा फोन आला. एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. आवाज मोठा, कारण एका कानानं कमी ऐकू येतं. म्हणाले, "तुम्हाला तकलीफ देतो, पण मला ती जागा बघायचीय." मी काहीबाही बोललो, चढ आहे, वय झालंय. ते म्हणाले, "मला एकच बघायचंय. खाली उतरलेला माणूस परत वर कशाला जाईल?"

मग त्यांनी सांगितलं. त्या शुक्रवारी लग्नाच्या विषयावरून पोराचं आणि आईचं फोनवर वाजलं होतं. मुलगी बघायला जायचं ठरलेलं असताना हा डोंगरात निघाला होता. आई रागानं म्हणाली होती, मग आता घरी येऊच नको. "ती म्हणायली, त्यानं ते मनावर घेतलं. एकटाच परत वर गेला म्हणजे मुद्दामच गेला. मीच ढकललं लेकराला, म्हणायली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहते हो." मी फोन कानाला लावून बाल्कनीत उभा होतो. समोरच्या बिल्डिंगवर कुणीतरी गाद्या वाळत घालत होतं, ते मी बघत होतो. एका वाक्यात त्या बाईची सुटका करता आली असती. मी म्हणालो, "या, शनिवारी नेतो."

ते रातराणीनं आले, सकाळी मी त्यांना गाडीत घेतलं. रेक्झिनची पिशवी, नोकरीतले काळे बूट, डोक्याला मफलर. पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी काढून त्यांनी डॅशबोर्डवर ठेवली. "पोराच्या आईनं धपाटे दिलेत तुमच्यासाठी. म्हणाली, पोरांना घेऊन फिरणारा माणूस, त्याला काय करून घालणार, एवढं ने." पिरंगुट येईपर्यंत मी त्यातलं दीड धपाटं खाल्लं. चांगलं होतं. हे लिहायची लाज वाटते, पण चांगलं होतं.

गावात वाटाड्याच्या घरी गाडी लावली. त्याच्या शेरडांच्या गोठ्यावर तो निळा रेनकोट फाडून, पसरून बांधलेला होता, बाहीचं टोक वाऱ्यानं हलत होतं. काका, पोराच्या वडिलांना मी तेच म्हणत होतो, नेमके त्याच्याखालच्या दगडावर टेकले. वाटाड्यानं शेळीच्या दुधाचा चहा आणला.

"लई वाईट झालं," तो म्हणाला. "आमी लई हाका मारल्या त्या राती. पर वढ्याला पानी हुतं, आवाज कुटं जातुया."

"तुम्हीच काढलं ना त्याला?" काकांनी विचारलं.

"व्हय. आमी चौघं हुतो. नीट आनला, कुटं धक्का न्हाई लागू दिला."

काकांनी त्याला हात जोडले. मी चहा संपवून कप विसळून ठेवला. वाटाड्या म्हणाला, संगं यिऊ का? मी घाईनं नको म्हणालो. तो आला असता तर दोन वाक्यांत सगळं बाहेर पडलं असतं, त्यानं काही लपवलेलंच नव्हतं. त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

चढायला आम्हाला चार तास लागले. जानेवारीत ते जंगल निराळंच असतं. कारवी वाळून कडकडीत झालेली, हिरड्याखाली पाचोळा, ओढे कोरडे. काका दम खात, पण न थांबता चढले. मध्येच मागे न बघता विचारायचे. किती जण होतात? पुढं कोण होतं? खिंडीतून खाली जायला दुसरी वाट आहे का? मी उत्तरं देत होतो. सगळी खरी होती. वाटाड्या त्या अठरांत धरला होता का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, नाही, तो वेगळा. ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि पुढे चालू लागले. माझे पाय चालत होते, बाकी मी काय विचार करत होतो ते खरंच सांगता येत नाही. बहुतेक काहीच करत नव्हतो.

खिंड लागली तेव्हा मी ती ओळखीची खूण दाखवल्यासारखी दाखवली आणि वर नेलं. मग ओढ्याची जागा. गावातले लोक येता-जाता तिथे एकेक दगड ठेवतात, गुडघ्याएवढा ढीग झाला होता. काकांनी कातळाकडे वर बघितलं, ओढ्यात खाली बघितलं, परभणीहून आणलेली विभूतीची पुडी सोडून चिमूटभर त्या दगडांवर ठेवली. "इथून तुमच्या तंबूची जागा किती लांब?" मी म्हणालो, वीस मिनिटं. "मग आज तिथंच राहू. त्याची शेवटची रात्र तिथं गेली ना?" मी तंबू आणलेलाच होता, त्यांनी फोनवर तसं सांगितलं होतं. खुंट्या मी ठोकल्या. दोन तिरक्या बसल्या, त्यांनी त्या उपटून नीट ठोकल्या. खिचडी झाली, ते थोडं जेवले, आणि आम्ही आठच्या आत झोपलो. मी गाढ झोपलो.

सकाळी आवरून उतरायला लागलो. ऊन आलं होतं, खाली कोळवणच्या खोऱ्यात भातखाचरं रिकामी पडलेली दिसत होती. खिंडीत काका थांबले.

"तुम्ही कुठं उभे होता?"

मी जागा दाखवली. ते तिथे जाऊन उभे राहिले, पाठ कातळाला लावून, तिकीट द्यायला उभं राहायचे तसेच असणार. मला म्हणाले, वरून या, माझ्यासमोरून जा. मी चार पावलं वर गेलो आणि त्यांच्यासमोरून आलो. आमच्यात हातभर अंतर होतं.

"एवढ्या जवळून गेला असंल तो तुमच्या," ते म्हणाले. "तोंड कसं होतं हो त्याचं? रडल्यासारखं काही?"

"पाऊस होता, काका. टोप्या होत्या सगळ्यांना."

"म्हणजे डोकी मोजली तुम्ही."

"हो."

त्यांनी मान हलवली. त्यात काही ठपका नव्हता, ते आपल्या धंद्याचं बोलत होते. "आमच्याकडं डोकी नाही मोजत. नवा कंडक्टर आला की त्याला पहिलं हेच शिकवतो आम्ही. डोकी मोजली की मांडीवरचं पोर मोजलं जातं, दारात उभा डायवर चहा प्यायला चढला तर तो मोजला जातो, अन् टॉवेल घेऊन सीटखाली वाकलेला राहून जातो. हिशेब जुळतो अन् माणूस स्टँडवर राहतो. तोंड बघायचं. माझ्या नोकरीत एक माणूस मागं राहिला नाही."

मी ठरवून काही केलं नाही. धीर एकवटला, मन भरून आलं, तसलं काही झालं नाही. माझ्या कानांनी मी माझं बोलणं ऐकलं.

"काका, मी डायवर मोजला."

त्यांना ऐकू आलं नाही बहुतेक. त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. मग मी सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं, माझा राग, न घेतलेले नंबर, निळा रेनकोट, काल गोठ्यापाशी ज्याच्याखाली ते बसले होते तो. पोलिसांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं. सांगताना माझा आवाज ऑफिसात स्टेटस देतात तसा येत होता आणि तो मला बदलता येत नव्हता.

"म्हणजे तो खिंडीत आलाच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"परत गेला नाही."

"नाही, काका. तो वरच राहिला होता. आम्ही उतरलो तेव्हा तो वाट शोधत असणार."

ते खाली बसले. मफलर सोडला, परत गुंडाळला. मग विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी. खाली गेल्यावर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मारतील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. वयानं ते माझ्या वडलांएवढे, मी हात वर केला नसता. पण त्यांनी फक्त बोटं मोजली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, अशी तोंडानं नावं घेत. "एवढे दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडलीय," ते म्हणाले. "अन् तुम्ही धपाटे खाल्ले काल."

मी पाठीवरची सॅक खाली ठेवली.

"पोलिसांत सांगाल?"

"आजच सांगतो."

ते मी त्याच दुपारी सांगितलं. त्याचं जे काय व्हायचं ते अजून चालू आहे, तो वेगळा विषय आहे.

"रेंज हाय का इथं?" काकांनी विचारलं.

खिंडीतून धरणाच्या बाजूला चार पावलं गेलं की रेंज येते. मी त्यांना तिथे नेलं. त्यांनी घरी फोन लावला आणि कानामुळे स्पीकरवर ठेवला. मी लांब सरकायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"कोण?" बाईंचा आवाज आला. झोपेतून उठल्यासारखा, दिवसाचे अकरा वाजले होते.

"मीच. उठून बस. उठलीस का? ऐक. तो परत गेला नव्हता."

काकांनी फोन तोंडाशी आणला.

"ऐकायलीस का? तो खाली आलाच नव्हता. धुक्यात मागं राहिला, वाट चुकला. यांनी मोजताना चूक केली, यांना वाटलं सगळे आले. हे स्वतः सांगायलेत, माझ्यासमोर उभे आहेत. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही. तो घरीच यायला निघाला होता."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फुटला. फोनमध्ये भांडं सरकल्याचा आवाज आला, मग श्वास ऐकू येत राहिला. मला वाटलं, आता त्या रडतील, नाहीतर मला शिव्या देतील. माझं मनगट काकांच्या हातातच होतं.

"मागं राहिला?" त्या म्हणाल्या.

"हां."

"मग त्याला कुणी हाक नाही मारली का?"

काकांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. वाटाड्या म्हणाला होता तशा हाका मारल्या होत्या, पण त्या रात्री, ओढ्याच्या पाण्याच्या आवाजात. त्या विचारत होत्या ते त्याबद्दल नव्हतं. सकाळी, खिंडीत, तो दोन हाकांवर होता तेव्हाचं त्या विचारत होत्या.

"नाही, काकू," मी म्हणालो. "मी नाही मारली."

"मारायची ना हो," त्या म्हणाल्या. "आलं असतं लेकरू."